मास्तरांच्या रागाला शिस्त

सतराव्या शतकातील फ्रान्समध्ये शाळामास्तर आणि छडी ही जोडी कोणाला खटकत नसे. गोरगरिबांच्या शाळांतून शिकविणारे पुष्कळसे मास्तर स्वतःच जेमतेम शिकलेले. मुलांना आवरण्याचा दुसरा उपाय त्यांना कोणी दाखविलाच नव्हता. रीम्स येथील धर्मगुरू संत जॉन बाप्टिस्ट द ला साल (१६५१-१७१९) यांचे वेगळेपण हे, की त्यांनी मुलांच्या आधी मास्तरांना हाताशी धरले. त्यांना आपल्या घरी राहावयास आणले, १६८३ साली कॅथेड्रलमधील मानाचे पद सोडले आणि खेड्यांतील शिक्षकांसाठी प्रशिक्षणशाळाही काढली.

ला साल यांच्या निधनानंतर, १७२० मध्ये, ‘ख्रिस्ती शाळांचे संचालन’ हा त्यांच्या परंपरेचा ग्रंथ छापला गेला. त्यात शिक्षेवर एक विस्तृत प्रकरण आहे. आजच्या पालकांना ते वाचून धक्काच बसेल, कारण त्यात छडी आहे, चामड्याची पट्टीही आहे. हे झाकण्याचे कारण नाही. पण त्याच प्रकरणातील अटी पाहाव्यात. शिक्षा न्याय्य हवी, सौम्य हवी आणि ती करणाऱ्याचे मन शांत हवे. कान किंवा केस ओढणे, ढकलणे हे मास्तराला अशोभनीय ठरविले आहे. मुले शाळा का बुडवितात याचा शोध घेताना मास्तरांचे वागणे हेही एक कारण म्हणून नोंदविले आहे! ग्रंथाच्या १७०६ च्या हस्तलिखितात तर नवशिक्या शिक्षकांच्या घडणीचा स्वतंत्र भाग होता. त्यांच्यात जे नसावे ते काढून टाकणे आणि जे हवे ते रुजविणे, अशी त्याची विभागणी. काढून टाकावयाच्या गोष्टींत कठोरपणा व उतावीळपणा होता. माझ्या मते ला साल यांचे खरे कार्य येथे आहे. शाळेतील हिंसेचे मूळ त्यांनी शिक्षकाच्या मनात शोधले.

छडी पुरती खाली ठेवण्याची शिकवण पुढे ट्युरिनच्या संत जॉन बॉस्को यांनी दिली. १८७७ साली आपल्या ‘प्रतिबंधक पद्धती’विषयी लिहिताना त्यांनी मारणे, त्रासदायक स्थितीत गुडघ्यांवर बसविणे, कान ओढणे हे सर्व निक्षून वर्ज्य केले. कारणे तीन दिली : कायद्याची मनाई आहे, मुले चिडतात आणि शिक्षकाची प्रतिष्ठा खालावते. आपल्या देशात २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांवर बंदी घातली. पहिल्या कारणाची सोय तेवढी झाली.

उरलेल्या दोहोंसाठी बॉस्को यांचा भर होता तो शिक्षकाच्या सहवासावर. शिक्षकाने मुलांमध्ये असावे, त्यांच्या खेळात मिसळावे, म्हणजे भांडण पेटण्याआधीच त्याला कळते. हेही आपोआप टिकत नाही. १० मे १८८४ रोजी रोमहून आपल्या ट्युरिनच्या घराला लिहिलेल्या पत्रात वृद्ध बॉस्कोंची व्यथा हीच होती : सुटीच्या वेळी शिक्षक आता मुलांमध्ये दिसत नाहीत.