विद्यार्थ्यांची शिस्त आणि सचोटी

वर्गांतील गैरवर्तनाची तक्रार निघाली कीं, नियम अधिक कडक करावेत, ही सूचना पाठोपाठ येते. नियम हवेत याविषयीं वाद नाहीं. परंतु नियमांनीं काय साधतें व काय साधत नाहीं, याचा एक बोलका दाखला रोमच्या इतिहासांत आहे. तो वाचकांपुढें ठेवावा असें आम्हांस वाटतें.

इ. स. ३७० मध्यें, बादशहा व्हॅलेंटिनियन याच्या राजवटींत, रोम शहरीं शिकण्यास येणाऱ्या विद्यार्थ्यांकरितां एक कायदा झाला. विद्यार्थ्यानें आपल्या प्रांताधिकाऱ्याचें परवानगीपत्र आणावें, कोणती विद्या शिकणार तें सांगावें, बिऱ्हाडाचा ठावठिकाणा नोंदवावा. खेळतमाशांस वारंवार जाऊं नये, वाईट संगत धरूं नये. विद्येच्या प्रतिष्ठेस न शोभणारें वर्तन करणारास चव्हाट्यावर फटके मारून गलबतांत बसवावें व घरीं धाडावें, अशी त्यांत आज्ञा होती.

यानंतर थोड्याच वर्षांनीं, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील कार्थेज येथें ऑगस्टिन (३५४ ते ४३०) हा वक्तृत्वशास्त्र शिकवीत होता. पुढें ख्रिस्ती धर्माचा थोर आचार्य म्हणून गाजला तो हाच. कार्थेजमध्यें दुसऱ्या गुरूंचे विद्यार्थी वर्गांत मुसंडी मारून शिरत व तेथील सारी व्यवस्था उधळून लावीत. विद्यार्थिदशेंत जें वर्तन आपण टाळलें, तेंच शिक्षक झाल्यावर इतरांकडून सोसावें लागलें, असें त्यानें ‘कन्फेशन्स’ या आत्मनिवेदनपर ग्रंथांत लिहिलें आहे. रोममध्यें गुरूच्या अनुज्ञेवांचून वर्गांत कोणी पाऊल टाकीत नाहीं, असें ऐकून ३८३ मध्यें तो तेथें गेला. ऐकलेलें खरें ठरलें, धिंगाणा नव्हता. पण गुरूचें वेतन चुकविण्यासाठीं अनेक विद्यार्थी संगनमत करून एकाएकीं दुसऱ्या गुरूकडे निघून जातात, हेंहि त्यास लौकरच कळलें!

रोममधील शांततेचें सारें श्रेय त्या कायद्यास देतां येणार नाहीं. तथापि पहारा वर्तनावर ठेवतां येतो, सचोटीवर ठेवतां येत नाहीं, एवढें यावरून खास दिसतें. आज मित्राच्या नांवें हजेरी देणारा किंवा दुसऱ्याचा निबंध आपला म्हणून पुढें करणारा विद्यार्थीहि वर्गांत शांतच बसलेला असतो.

मग सचोटी यावी कोठून? ऑगस्टिन याचा विचार करतांना स्वतःसहि सोडीत नाहीं. त्या विद्यार्थ्यांचा आपणांस जो तिटकारा आला, तो त्यांच्या अन्यायापेक्षां आपणांस सोसाव्या लागणाऱ्या नुकसानीमुळें अधिक होता, असें तो मान्य करतो. पुढें ४०० च्या सुमारास त्यानें कार्थेजच्या एका धर्मशिक्षकासाठीं अध्यापनाविषयीं छोटासा ग्रंथ लिहिला. ऐकणारा जांभया देऊं लागला तर बोलण्यांत गोडी आणून त्याचें मन ताजें करावें, तो उभा असल्यास त्यास बसावयास आसन द्यावें, असें त्यांत सांगितलें आहे.

गुरूचें न्याय्य देणें बुडविणें हें केव्हांहि निंद्यच; आणि वर्गाच्या दाराशीं नियमाचा पहारा असावा, हेंहि योग्यच. परंतु कोणी पाहत नसतांनाहि आपलें देणें ओळखणारा विद्यार्थी घडवावयाचा असेल, तर त्याच्या थकव्याची व अडचणीची दखल घेऊन पहिलें पाऊल गुरूनेंच टाकलें पाहिजे, असें आमचें मत आहे.