सोलापूरच्या सार्वजनिक बागा

सोलापूर शहरातील, लोकांना फिरण्यासाठी खुल्या असलेल्या बागा व वनउद्याने. महानगरपालिकेच्या बागा, भुईकोट किल्ल्याच्या आवारातील हिरवळ आणि विजापूर रस्त्याकडील वन विभागाची उद्याने यांचा यात समावेश होतो. नावाजलेल्या बहुतेक बागा दोन तलावांच्या आसऱ्याने आहेत. शहराच्या मध्यभागी सिद्धेश्वर तलाव आणि दक्षिणेला धर्मवीर संभाजी तलाव, म्हणजे जुन्या सोलापूरकरांच्या तोंडचा कंबर तलाव. हा योगायोग नव्हे. सोलापूर पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येते. वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस, तोही लहरी, आणि मे महिन्यात पारा सहज चाळिशीपार जातो. अशा गावात बाग जगवायची तर आधी पाणी अडवावे लागते. त्यामुळे इथल्या बागांचा इतिहास माळ्यांपासून नव्हे, तलाव खोदणाऱ्यांपासून सुरू करावा लागतो.

सिद्धेश्वर तलावाचे श्रेय बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांना दिले जाते. बसवेश्वर व अल्लमप्रभू यांचे हे समकालीन. त्यांच्या काळी गावाचे नाव सोन्नलगी होते. त्यांनी तलाव खोदून घेतला आणि गावाभोवती अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, अशी परंपरा आहे. तलावाच्या मधोमध सिद्धेश्वराचे मंदिर आहे आणि त्याला चारही अंगांनी पाण्याचा शेजार आहे. पुण्याच्या सारसबागेशी याची तुलना करण्याजोगी आहे. तिथेही नानासाहेब पेशव्यांच्या काळातील तळे होते आणि त्यातल्या बेटावर ‘तळ्यातला गणपती’ बसला होता. पुढे तळे गेले, त्या जागी बाग झाली, गणपतीच्या नावात तेवढे तळे उरले. सोलापुरात तळे राहिले आणि बाग काठावर आली. देवदर्शन आटोपून काठाने फेरी मारणे, मुलांना मासे-कासवे दाखवणे आणि मग किल्ल्याच्या बाजूला वळणे हा इथला जुना क्रम आहे. त्यात देऊळ कुठे संपते आणि बाग कुठे सुरू होते हे सांगणे अवघड.

तलावाला लागूनच भुईकोट किल्ला. एका अंगाला तलाव आणि उरलेल्या बाजूंना खंदक, आत दुहेरी तटबंदी, अशी त्याची रचना आहे. मूळ बांधकाम बहमनी काळातले मानतात. पुढे आदिलशाही आणि निजामशाही यांच्यात या किल्ल्यावरून बराच काळ ओढाताण चालली. चांदबिबीच्या विवाहात सोलापूर विजापूरकरांना आंदण म्हणून दिले गेले, हा त्यातलाच एक प्रसंग. मे १८१८ मध्ये जनरल मन्रोच्या फौजेने पेशव्यांकडून किल्ला घेतला आणि त्याचे लढाऊ आयुष्य संपले. किल्ला आता भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. आत जुन्या मंदिराचे अवशेष, खांबांच्या ओळींची मशीद, तोफा आणि त्यांच्यामधून पसरलेली हिरवळ व झाडे आहेत. बागेसाठी आलेला माणूस इथे नकळत हजारएक वर्षांच्या थरांवरून चालतो आणि इतिहासासाठी आलेला माणूस थोड्या वेळाने झाडाखाली बसलेला आढळतो. दोघांचीही सोय होते. बुरुजावरून तलाव आणि मंदिर एका नजरेत दिसतात. शहरातील कुठल्याही बागेला हा देखावा नाही. संरक्षित स्मारक असल्याने आत नवे बांधकाम करता येत नाही. बागेच्या दृष्टीने हा निर्बंध नसून वरदान आहे, कारण सिमेंटचे हत्ती, हरणे आणि मशरूमच्या आकाराच्या छत्र्या तटाबाहेरच राहिल्या.

किल्ल्याच्या बाहेरच्या अंगाला, पार्क चौकाच्या परिसरात हुतात्मा बाग आहे. शहरात पाहुणा आला की त्याला जी बाग दाखवायला नेतात ती ही. नावामागचा इतिहास सोलापूरच्या मार्शल लॉचा. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहरात उठाव झाला. काही दिवस इंग्रजी अंमल जवळजवळ नाहीसा झाला आणि १२ मे रोजी सरकारने मार्शल लॉ पुकारला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. चौघांचे पुतळे पार्क चौकात आहेत, जवळच हुतात्मा स्मृती मंदिर हे नाट्यगृह आहे आणि बागेलाही त्यांचेच नाव. लिंगायत, मारवाडी, मराठा आणि मुसलमान अशा चार घरांतली ही माणसे एका नावाखाली येतात. कन्नड, तेलुगू, उर्दू आणि मराठी एकाच बाकड्यावर ऐकू येणाऱ्या गावात ते साजेसेच आहे.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात या परिसराचे रूप पालटते. १२ तारखेला हुतात्म्यांना अभिवादन आणि लगेच सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. सात नंदीध्वजांची मिरवणूक, संक्रांतीच्या सुमारास संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, मग होम मैदानावरील होम आणि शोभेचे दारूकाम. मैदानात पाळणे, खेळणी आणि खाण्याचे गाळे पुढे कितीतरी दिवस राहतात. शांतपणे बाग पाहायची असेल त्याने हे दिवस टाळावेत. सोलापूर पाहायचे असेल त्याने मात्र नेमके हेच दिवस निवडावेत. तेव्हा बागेची हिरवळ ही खेड्यांतून आलेल्या कुटुंबांची शिदोरी सोडण्याची जागा होते. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी हिरवळीवर खाण्यास कोणी मनाई करू नये, असे या नोंदीच्या लेखकाचे मत आहे.

दक्षिणेला विजापूर रस्त्यावरील संभाजी तलावाचा परिसर अगदी वेगळ्या स्वभावाचा आहे. इथे किल्ला नाही, पुतळे नाहीत, जवळच रेवणसिद्धेश्वराचे मंदिर आहे. महानगरपालिकेचे महात्मा गांधी प्राणिसंग्रहालय याच भागात. सोलापुरातल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी पहिली मगर आणि पहिले हरीण इथे पाहिले. तलावात बगळे, वारकरी, पाणकोंबड्या दिसतात. जलपर्णी हे या तलावाचे जुने दुखणे. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद तिला खाद्य पुरवतात, ती पाण्यावर जाड गालिचा पसरते, खाली उजेड व प्राणवायू पोहोचत नाही. ती काढली की तलाव मोकळा होतो, सांडपाणी थांबले नाही तर पुन्हा भरतो. दुरून पाहणाऱ्याला मात्र हा हिरवा गालिचा बागेचाच भाग वाटतो.

याच बाजूला वन विभागाचे स्मृती उद्यान आणि सिद्धेश्वर वनविहार आहेत. स्मृती उद्यानामागची कल्पना साधी आहे. गेलेल्या माणसाच्या किंवा घरातल्या आनंदाच्या आठवणीखातर एक झाड लावायचे. त्यामुळे झाड पाहायला येणारा हा फक्त सहलीला आलेला नसतो, त्याचे तिथे कोणीतरी असते. वनविहारात पहाटे चालायला येणाऱ्यांची गर्दी मोठी. इथे लॉन नाही, रोषणाई नाही. कडुलिंब, बाभूळवर्गीय झाडे आणि मुरमाची पाऊलवाट आहे. कोरड्या हवेच्या गावातील बाग कशी असावी, याचे अधिक प्रामाणिक उत्तर नटवलेल्या हिरवळीपेक्षा या पाऊलवाटेकडे मिळते.

सोलापूरची जमीन बरीचशी काळी, खाली मुरूम, जागोजागी चुनखडीचा अंश. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि नाजूक मुळे तोडून टाकते. बोअरचे पाणी जड असते. त्याने गुलाबाची पाने पिवळी पडतात, कारण चुनखडीच्या जमिनीत झाडाला लोह उचलता येत नाही. अशा ठिकाणी टिकतात ती कडुलिंब, पीतमोहर, गुलमोहर, वर्षावृक्ष अशी झाडे आणि कोयनेलीची व मेंदीची कुंपणे. बोगनवेल तर पाण्याचा ताण बसला की अधिकच फुलते. भर एप्रिलमध्ये बाकी बाग करपलेली असताना ती रंगात येते, ही सोलापूरच्या बागांतील खरी शोभा. हरळीच्या लॉनला मात्र उन्हाळाभर पाणी हवे असते. जिथे घरच्या नळाला रोज पाणी येत नाही, उजनी धरणातून लांबलचक जलवाहिनीने ते आणावे लागते, तिथे लॉनवर तुषार फिरताना पाहून नागरिकाच्या कपाळाला आठी पडली तर नवल नाही. प्रक्रिया केलेले सांडपाणी बागांना द्यावे हा त्यावरचा व्यवहार्य उपाय आहे.

फुलांच्या बाबतीत एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. शहराच्या पूर्वभागात तेलुगूभाषक पद्मशाली विणकरांची मोठी वस्ती. त्यांच्या स्त्रिया सर्वपित्री अमावास्येपासून बतुकम्मा मांडतात. फुलांचे थरावर थर रचून त्याभोवती फेर धरतात. त्यासाठीची खास फुले म्हणजे पिवळी तरवड आणि कुर्डू. ही दोन्ही माळरानावर आपोआप उगवणारी, बागेत माळी जी उपटून टाकतो ती. शहराचा सर्वांत मोठा फुलांचा सण असा बागेबाहेरच्या फुलांवर चालतो.

भेटीचा काळ म्हणून जुलैअखेर ते फेब्रुवारी हा बरा. मार्चपासून दुपार वर्ज्य. उन्हाळ्यात बाग पाहायची म्हणजे सूर्योदयाच्या आसपास किंवा दिवेलागणीच्या वेळी. गिरण्यांच्या काळापासूनच हे संध्याकाळचे गाव आहे. १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाल्यावर पाळ्यांनी दिवसाचे तुकडे केले, पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या आल्या. पत्र्याच्या खोल्या आणि चाळी दिवसभर तापत. रात्री घर निवेपर्यंत बाहेर बसणे ही चैन नव्हती, गरज होती. गिरण्या बंद पडल्या तरी ती सवय उरली. पार्क चौकाभोवतीच्या भेळ-पावभाजीच्या गाड्या अजूनही याच सवयीवर चालतात. प्रवेशाच्या वेळा व शुल्क ठिकाणागणिक निराळे असून बदलत राहतात. पालिकेची बाग, पुरातत्त्व खात्याचा किल्ला आणि वन विभागाचे उद्यान यांचे नियम वेगळे असल्याने फाटकावरची पाटी वाचूनच आत जावे.

कायद्याच्या दृष्टीने बागेचे स्थान दुय्यम आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये पाणीपुरवठा, गटारे, दिवाबत्ती ही पालिकेची बंधनकारक कर्तव्ये ठरतात. उद्याने ऐच्छिक कर्तव्यांत मोडतात. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा व क्रीडांगणे यांचा नागरी सुविधा म्हणून उल्लेख झाला, तरी अंदाजपत्रकात कात्री लावायची वेळ आली की आधी हात बागेकडे जातो. झाडांना मात्र १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याचा आधार आहे. बागेतील झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. सोलापूर महानगरपालिका १ मे १९६४ रोजी स्थापन झाली. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी अभियानाच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरची निवड झाली आणि तलाव-किल्ला परिसराच्या सुशोभीकरणाला पैसा मिळाला. अशा योजनांतून कारंजी, फरशा, रंगीत दिवे लवकर होतात, कारण ते एकदाच्या खर्चात बसतात. माळ्याचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो, म्हणून त्याची जागा रिकामी राहते. बाग पाहणाऱ्याने कारंजे चालू आहे का हे न पाहता झाडांना आळी केली आहेत का ते पाहावे. बागेची खरी तब्येत तिथे कळते.

खासगी बागा लोकांना खुल्या करण्याची संघटित प्रथा सोलापुरात रुजली नाही. इंग्लंडमध्ये १९२७ साली घरमालकांनी सहाशेहून अधिक बागा एका शिलिंगच्या तिकिटावर उघडल्या आणि जमलेला पैसा परिचारिकांच्या कार्याला दिला, तो उपक्रम अद्याप चालू आहे. महाराष्ट्रात लोकांसाठीच्या बागेची वाट वेगळी. मुंबईची राणीची बाग १८६२ मध्ये उघडली ती संस्थेच्या पुढाकाराने, पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचे जानेवारीतील पुष्पप्रदर्शनही संस्थाच भरवते. सोलापुरात अशी उद्यानसंस्था बलवान झाली नाही. इथल्या वाड्यांच्या परसात जाई-जुई, कण्हेर, अनंत, डाळिंब असे, पण ते पाहायला तिकीट नव्हे, नाते लागत असे.

जिल्ह्यात फिरणाऱ्याला याच ओळीतली आणखी काही ठिकाणे सापडतात. शहराच्या उत्तरेला अदिला नदीवरचा एकरुख तलाव, लोकांच्या भाषेत हिप्परगा, १८७१ मध्ये पूर्ण झाला. पावसाळ्यानंतर त्याच्या काठी सहलीची गर्दी असते. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ चे. तिथे बाग शोधणारा निराश होईल, गवताळ माळ वाचता येणारा नाही. केगाव येथे २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे आणि सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. परिसरातील डाळिंबाच्या बागा खासगी असतात, मालकाला विचारूनच आत जावे, कारण तेल्या रोगाचे जिवाणू कपड्यांवरून आणि अवजारांवरून एका बागेतून दुसरीत जाऊ शकतात. पंढरपूरला यमाई तलावाकाठी वन विभागाने तुळशी वृंदावन उभारले असून संतांच्या मूर्तींभोवती तुळशीची लागवड केली आहे. आषाढी-कार्तिकीला आलेले वारकरी विठ्ठलाचे दर्शन झाल्यावर तिकडे जातात.