पीपी नंबर ते वाय-फायचा पासवर्ड

मुळशी तालुक्यातल्या चांदे गावापासून हिंजवडीचं आयटी पार्क काही किलोमीटरवर आहे. अशा गावात एका घरचं ब्रॉडबँड भिंतीपलीकडच्या घरानं वापरलं, तर कंपन्यांच्या करारांत ते सहसा बसत नाही, आणि पुष्कळांना ती फुकटेगिरी वाटते. मला हे मत इतिहासाला सोडून वाटतं. आपल्याकडे दळणवळणाचं जवळजवळ प्रत्येक साधन आधी शेजाऱ्याच्या घरी आलं आणि मग आपल्या. टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून थांबावं लागे, तेव्हा चाळीतल्या एका फोनवर अख्खा मजला चाले. लग्नपत्रिकेवर नि व्हिजिटिंग कार्डावर नंबरापुढे ‘पीपी’ छापलेलं असे. फोन शेजाऱ्यांचा आहे, निरोप सांगून बोलावून घ्या, एवढा त्याचा अर्थ. त्यात लपवाछपवी नव्हती. हिशेबही होता: आलेला फोन फुकट, केलेल्या फोनचे पैसे तिथल्या तिथे, आणि विश्वास कमी पडला तर डायलच्या भोकात छोटंसं कुलूप.

मग वाय-फायच्या बाबतीतच संशय का? त्याला कारण घडलं. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत स्फोट झाले, आणि त्याआधी काही मिनिटं गेलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका घरातल्या वाय-फायवरून पाठवल्याचं तपासात निघालं. जोडणी ज्याच्या नावावर, तोच पहिल्यांदा चौकशीत सापडतो, हे सगळ्यांना कळलं. पुढच्याच वर्षी दूरसंचार विभागानं वाय-फाय सुरक्षित ठेवण्याच्या सूचना काढल्या. आक्षेप रास्तच आहे; शेजाऱ्यानं काही भलतंसलतं केलं तर निस्तरायचं कोणी? पण त्या घटनेनं धोका दाखवला तो उघड्या जोडणीचा. ओळखीच्या माणसाला दिलेला पासवर्ड निराळा. आजच्या राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क असतं, त्याचा पासवर्ड हवा तेव्हा बदलता येतो. त्या जुन्या कुलपापेक्षा हा बंदोबस्त पक्का आहे. तरी कायद्यापुढची जबाबदारी मालकाचीच राहते, म्हणून हे पूर्ण ओळखीतच करावं.

कंपनीचं नुकसान होतं, हा दुसरा आक्षेप. पैसे घेऊन दहा घरांना तारा टाकून दिल्या तर तो धंदा झाला, आणि तिथे कंपनीचं म्हणणं मान्य करायला हवं. परंतु २०२०च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर आली, तेव्हा ज्या घरात नेट नाही तिथल्या मुलाला शेजाऱ्यानं पासवर्ड दिला, त्याला धंदा कोण म्हणेल? त्याच वर्षी ९ डिसेंबरला केंद्रीय मंत्रिमंडळानं ‘पीएम-वाणी’ मंजूर केली. टपरीवाल्यालाही परवान्याशिवाय, शुल्काशिवाय वाय-फाय विकता येईल अशी तिची रचना आहे. जोडणी वाटून घेण्याला सरकारचा तत्त्वतः विरोध नाही, एवढं यातून दिसतं. दुकानदाराला विकायची मुभा आहे, तर ओळखीच्या शेजाऱ्याला विनामोबदला देण्याचीही करारात स्पष्ट मुभा हवी, आणि ती ग्राहकांनी मागायला हवी.