त्वचाप्रसाधनांची घटकयादी

त्वचाप्रसाधनांची घटकयादी : क्रीम, लोशन, सीरम, फेसवॉश, सनस्क्रीन अशा उत्पादनांत काय काय घातले आहे ते सांगणारी, वेष्टनावर छापलेली नावांची यादी. बाटलीच्या दर्शनी बाजूवर 'तेज', 'उजळपणा', 'निसर्ग' असे शब्द ठळक अक्षरांत झळकतात. मागच्या बाजूची बारीक अक्षरांतली यादी मात्र कायद्याने ठरवलेल्या पद्धतीने द्यावी लागते, त्यामुळे दोन उत्पादनांची तुलना तिथूनच सुरू होते. यादीवरून घटकांचा क्रम कळतो. प्रत्येक घटक नेमका किती आहे हे तिच्यात सहसा नसते. तुलनेतल्या बहुतेक चुका हा फरक विसरल्यामुळे होतात.

नावे : घटकांना जगभर एकच नाव असावे यासाठी 'इन्की' या लघुनामाने ओळखली जाणारी नामपद्धती १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आकाराला आली. तिथे वेष्टनावर घटक छापणे १९७७ पासून सक्तीचे झाले. पुढे युरोपनेही ही नावे स्वीकारली आणि भारतीय कंपन्याही आज तीच छापतात. या पद्धतीत वनस्पतींची नावे लॅटिनमध्ये असतात, त्यामुळे ओळखीच्या वस्तूही अनोळखी वाटू लागतात. करकुमा लाँगा म्हणजे हळद, अझाडिराक्टा इंडिका म्हणजे कडुनिंब, सँटॅलम अल्बम म्हणजे चंदन, कोकोस न्यूसिफेरा ऑइल म्हणजे खोबरेल. परदेशी ब्रँडच्या महागड्या बॉडी बटरवर गार्सिनिया इंडिका सीड बटर असे दिसले, तर ते कोकणातल्या घरांत भेगाळलेल्या टाचांना लावले जाणारे कोकमाचे तेल असते. टोकोफेरॉल हे ई जीवनसत्त्व, तर नायसिनामाइड हे ब-३ जीवनसत्त्वाचे एक रूप. सिटेराइल अल्कोहोल या नावात अल्कोहोल असले तरी तो मेणासारखा स्निग्ध पदार्थ आहे आणि क्रीमला दाटपणा देतो. त्वचा कोरडी करू शकणारे अल्कोहोल 'अल्कोहोल डिनॅट' या नावाने येते.

क्रम आणि एक टक्क्याची रेषा : भारतात सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० लागू आहेत. त्यांनुसार १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. युरोपचा नियमही जवळपास असाच आहे. ही रेषा यादीत कुठे पडते ते छापलेले नसते. ती अंदाजाने शोधावी लागते. त्यासाठी फेनॉक्सीइथेनॉल हे परिरक्षक उपयोगी पडते. उत्पादन नासू नये म्हणून ते घालतात आणि युरोपात त्याची कमाल मर्यादा १ टक्का आहे. ही मर्यादा पाळलेली असेल, तर यादीत त्याच्यामागे असलेले सारे १ टक्का किंवा त्याहून कमी असते. झँथन गम, कार्बोमर, डायसोडियम ईडीटीए यांसारखे घटकही साधारणपणे याच भागात येतात.

समजण्यासाठी दोन काल्पनिक याद्या पाहू. पहिली : ॲक्वा, ग्लिसरीन, नायसिनामाइड, कॅप्रिलिक-कॅप्रिक ट्रायग्लिसराइड, सिटेराइल अल्कोहोल, फेनॉक्सीइथेनॉल, झँथन गम, सोडियम हायलुरोनेट. दुसरी : ॲक्वा, मिनरल ऑइल, ग्लिसरीन, स्टिअरिक ॲसिड, फेनॉक्सीइथेनॉल, परफ्यूम, नायसिनामाइड, करकुमा लाँगा रूट एक्स्ट्रॅक्ट. दोन्ही डब्यांवर 'नायसिनामाइडयुक्त' असे छापता येईल, आणि ते खोटेही ठरणार नाही. पण डाग फिके करण्यासाठी या घटकावर झालेल्या अभ्यासांत सहसा २ ते ५ टक्के प्रमाण वापरलेले असते. पहिल्या क्रीममध्ये तेवढे प्रमाण असू शकते. दुसऱ्यात ते १ टक्क्याच्या वर जात नाही, आणि झाकणावर चित्र असलेली हळद तर अत्तराच्याही मागे, शेवटच्या जागी उभी आहे.

सगळ्याच घटकांना ही फूटपट्टी लागू पडत नाही. रेटिनॉल अगदी थोड्या प्रमाणातही काम करते. युरोपीय संघाने २०२४ मध्ये त्यावर चेहऱ्याच्या उत्पादनांसाठी ०.३ टक्के आणि बॉडी लोशनसाठी ०.०५ टक्के अशी कमाल मर्यादा घातली. ते यादीच्या तळाशी दिसले म्हणून उत्पादन फसवे ठरत नाही. ग्लिसरीन तळाशी असेल, तर मात्र त्या क्रीमकडून ओलावा टिकवण्याची फारशी अपेक्षा ठेवता येत नाही.

दर्शनी आकडे : कॅनडातील 'द ऑर्डिनरी' हा ब्रँड २०१६ साली आला आणि घटकाचे नाव व टक्केवारी हीच उत्पादनाची ओळख बनवण्याची पद्धत रुळली. भारतात जयपूरच्या 'मिनिमलिस्ट'ने २०२० पासून तीच वाट धरली. आकडा दिसतो म्हटल्यावर तुलना सोपी वाटते. पण तो आकडा कशाचा आहे, हे आधी पाहावे लागते. हायलुरोनिक ॲसिड कारखान्यात बऱ्याचदा पाण्यातल्या १ टक्का द्रावणाच्या रूपात येते. असे द्रावण २ टक्के घातले, तर बाटलीत प्रत्यक्ष हायलुरोनिक ॲसिड ०.०२ टक्केच पडते.

क जीवनसत्त्वाचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ शेल्डन पिनेल यांच्या गटाने २००१ साली दाखवले, की शुद्ध ॲस्कॉर्बिक ॲसिड त्वचेत शिरायचे तर द्रावणाचा पीएच ३.५ पेक्षा कमी हवा आणि २० टक्क्यांच्या पुढे प्रमाण वाढवून जास्त लाभ होत नाही. २००५ मध्ये याच गटाने १५ टक्के क आणि १ टक्का ई जीवनसत्त्वाच्या द्रावणात फेरुलिक ॲसिड मिसळले, तेव्हा द्रावण अधिक टिकाऊ झाले आणि उन्हापासून मिळणारे संरक्षण दुपटीने वाढले. सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट किंवा ॲस्कॉर्बिल ग्लुकोसाइड ही क जीवनसत्त्वाची वेगळी, जास्त टिकाऊ रूपे आहेत. त्यांचे १० टक्के आणि शुद्ध ॲस्कॉर्बिक ॲसिडचे १० टक्के एका मापाने मोजता येत नाहीत. पीएच तर यादीत छापलेलाच नसतो.

'अमुक-मुक्त' उत्पादने : २००४ साली इंग्लंडमधील रीडिंग विद्यापीठाच्या फिलिपा डार्बर आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या २० गाठींमध्ये पॅराबेन या परिरक्षकांचे अंश सापडल्याचे प्रसिद्ध केले. निरोगी ऊतींशी तुलना या अभ्यासात नव्हती आणि पॅराबेनमुळे कर्करोग होतो असे त्याने सिद्धही केले नव्हते. तरी 'पॅराबेन-मुक्त' हे शब्द विक्रीचे हत्यार बनले. युरोपने २०१४ मध्ये फारशी माहिती उपलब्ध नसलेले पाच पॅराबेन बंद केले. मिथाइल आणि इथाइल पॅराबेन प्रत्येकी ०.४ टक्क्यापर्यंत चालू ठेवले.

पॅराबेन काढले, तरी जंतूंना रोखायला दुसरे काहीतरी घालावेच लागते. अनेक उत्पादनांत मिथाइलआयसोथायझोलिनोन आले आणि त्याच्या ॲलर्जीचे रुग्ण वाढले. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१३ साली त्याला 'वर्षाचा ॲलर्जीकारक पदार्थ' ठरवले. लावून न धुण्याच्या उत्पादनांत युरोपने २०१७ पासून त्यावर बंदी घातली. २०१९ साली त्याच सोसायटीने पॅराबेनला 'वर्षाचा बिन-ॲलर्जीकारक पदार्थ' म्हटले. म्हणून 'मुक्त' या शब्दामागे काय काढले हे वाचताना त्याच्या जागी काय घातले तेही शोधावे लागते.

सुवास : परफ्यूम किंवा फ्रॅग्रन्स या एका शब्दाआड अनेक रसायने असू शकतात. त्यांपैकी ॲलर्जी करू शकणारी २६ द्रव्ये युरोपात नावानिशी छापावी लागत. २०२३च्या नव्या नियमाने ही संख्या ८०च्या पुढे गेली आणि तिच्या अंमलासाठी कंपन्यांना मुदत मिळाली. लिनालूल, लिमोनिन, जिरॅनिऑल ही त्यांतली नेहमी दिसणारी नावे. लॅव्हेंडर किंवा संत्र्याच्या सालीच्या 'नैसर्गिक' तेलांतही ती असतात.

मुरुमांचे गुणांक : खोबरेल ४, कोकम बटर १, अशी छिद्रे बुजवण्याच्या क्षमतेची कोष्टके सर्वत्र फिरतात. त्यांचे मूळ सशाच्या कानावरील चाचण्यांत आहे; अल्बर्ट क्लिगमन आणि ओटो मिल्स यांनी १९७२ साली 'ॲक्ने कॉस्मेटिका'चे वर्णन केले ते याच पद्धतीच्या आधारे. सशाचा कान माणसाच्या चेहऱ्यापेक्षा अधिक संवेदनशील असतो. शिवाय एखाद्या क्रीममध्ये २ टक्के असलेले तेल आणि सुटे लावलेले तेल यांचा परिणाम सारखा नसतो.

आयुर्वेदिक वेष्टने : आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावर बनलेल्या क्रीमला वेगळा नियम लागतो. तिथे घटकांची वनस्पतिशास्त्रीय नावे आणि प्रत्येकाचे प्रमाणही द्यावे लागते. त्यामुळे हळदीच्या दोन आयुर्वेदिक क्रीमची तुलना आकड्यांनिशी करता येते, जी सौंदर्यप्रसाधनांच्या बाबतीत बहुधा जमत नाही. पायाभूत क्रीमसाठी मात्र पुष्कळदा 'क्यू. एस.', म्हणजे 'लागेल तेवढे', असाच उल्लेख असतो. मुंबईत १९५२ साली पेंढरकरांनी सुरू केलेल्या विको लॅबोरेटरीजचे हळदीचे क्रीम औषध की सौंदर्यप्रसाधन, हा अबकारी खात्याशी झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. एकाच गुणाच्या दोन क्रीमवर दोन तऱ्हेच्या याद्या दिसतात, त्याचे कारण परवान्यातला हा फरक आहे.

यादीत न येणारे घटक : भारतात सौंदर्यप्रसाधनांत पारा घालण्यास मनाई आहे. नकळत राहिलेला अंश डोळ्यांभोवतीच्या उत्पादनांत दशलक्ष भागांत ७० आणि इतरांत १ भाग एवढाच चालतो. तरीही गोरेपणाच्या बेकायदा क्रीममध्ये तो सापडतो आणि अशा डब्यांवर यादी नसते किंवा असली तरी पाऱ्याचे नाव गाळलेले असते. केरळमधील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातल्या मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी या मूत्रपिंडविकाराच्या २२ रुग्णांचा आढावा घेतला. त्यांतील १५ जणांचा आजार 'नेल-१' या प्रथिनाशी निगडित प्रकारचा निघाला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाचे क्रीम वापरल्याचे सांगितले. स्टेरॉइड मिसळलेल्या क्रीमचा धोकाही असाच आहे. लावल्यावर चेहरा काही दिवस उजळतो, पुढे त्वचा पातळ होते आणि क्रीम थांबवताच लाली व पुरळ उसळते.

अशा वेळी घटकांआधी वेष्टनावरचे इतर तपशील पाहायचे असतात : उत्पादकाचा पत्ता, बॅच क्रमांक, वापराची मुदत, देशी उत्पादनावर उत्पादन परवान्याचा क्रमांक आणि आयात मालावर नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक. यांतले काही नसेल, तर तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. ६० मिलिलिटरहून कमी द्रव किंवा ३० ग्रॅमहून कमी क्रीमच्या पॅकला भारतीय नियमांत घटकयादीपुरती सूट आहे. सीरमच्या ३० मिलिलिटरच्या बाटल्या याच मापात बसतात. त्यांवर अनेक कंपन्या यादी छापतात ती आपणहून.