‘अभिव्यक्ती 32 पट वाढली’: चार ओळींवरचे भाष्य

पर्यावरणीय विषशास्त्राच्या निबंधांत वारंवार भेटणारा मजकूर नमुन्यादाखल मीच रचला आहे. स्टीफन बस्टिन आणि सहकाऱ्यांनी 2009 साली क्यूपीसीआर या जनुकांची अभिव्यक्ती मोजण्याच्या तंत्रासाठी मांडलेले ‘एमआयक्यूई’ हे किमान माहितीचे निकष हाताशी ठेवून तो वाचू.

‘झेब्राफिश कॅडमियमच्या द्रावणात 96 तास ठेवले.’
तीव्रता किती? आकडा दिला तरी तो टाकीत घातलेल्या कॅडमियमचा, की पाण्यात प्रत्यक्ष मोजलेल्या? पाणी दुष्फेन की सुफेन, हेही हवे. दुष्फेन पाण्यातले कॅल्शियम कल्ल्यांपाशी कॅडमियमची वाट अडवते. तीच मात्रा सुफेन पाण्यात जास्त घातक ठरते.

‘यकृतातून आरएनए वेगळा केला.’
तो शुद्ध होता का, तुटलेला होता का, त्यात डीएनए उरला होता का? एका वाक्याचे काम. तेही केलेले नाही.

‘बीटा-अ‍ॅक्टिन हे संदर्भ जनुक वापरले.’
सर्वांत जास्त नुकसान ही ओळ करते. संदर्भ जनुक म्हणजे तराजूतले वजन. अ‍ॅक्टिन पेशीच्या सांगाड्याचे प्रथिन आहे आणि विषाने पेशीलाच इजा होत असेल, तर हे जनुक स्थिर राहील असे गृहीत कसे धरायचे? ‘सगळे हेच वापरतात’ हा पुरावा नव्हे. त्याच माशांत, त्याच मात्रेला ते स्थिर होते हे दाखवावे लागते. एकाच जनुकावर विसंबू नये, अनेकांची भूमितीय सरासरी घ्यावी, हे व्हांडेसोम्पेले आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्येच सांगितले होते.

‘मेटॅलोथायोनिन जनुकाची अभिव्यक्ती 32 पट वाढली (नमुने 3).’
वाढ झाली, यावर माझा विश्वास आहे. कॅडमियमला बांधून ठेवणारे हे प्रथिन धातू शिरताच वाढते. प्रश्न 32चा आहे. लिवाक आणि श्मिटजेन यांचे 2001चे सूत्र दर चक्राला डीएनए दुप्पट होतो असे मानते, म्हणून 5 चक्रांचा फरक 32 पट दिसतो. संदर्भ जनुक स्थिर धरले, तरी या दुपटीची कार्यक्षमता 90 टक्के असल्यास तोच फरक सुमारे 25 पट होतो, 80 टक्के असल्यास 19 पट. कार्यक्षमता लिहिलेली नाही, म्हणजे यातला खरा आकडा कोणता ते वाचकाला ठरवता येत नाही.

आणि ‘3’ म्हणजे काय? तीन टाक्या, एकाच टाकीतले तीन मासे, की एकच नमुना तीनदा मोजलेला? एका टाकीतले मासे एकाच पाण्यात राहतात. विष टाकीला दिलेले असते, म्हणून मोजायच्या त्या टाक्या.

निबंध तपासणाऱ्यांना विनंती: प्राइमरचे क्रम, मूळ सीटी मूल्ये (मोजलेल्या चक्रांचे आकडे) आणि टाक्यांची संख्या मागा. मिळेपर्यंत स्वीकृती देऊ नका.