शेंडा उतरवल्यानंतर

काही शब्द आपल्या भाषेत बाहेरून येतात आणि आल्या आल्या बदनाम होतात. ‘बोन्साय’ हा त्यांपैकी एक. हुशार मुलाला घरच्यांनी दाबून ठेवले, की आपण म्हणतो, त्याचा बोन्साय करून टाकला. संस्थेची वाढ खुंटली, कुणा बाईचे गाणे लग्नानंतर बंद पडले, की पुन्हा हाच शब्द. मराठी कवितेतही तो बहुधा तक्रार म्हणूनच येतो. तक्रारीमागचे दुःख खरे असते, त्याबद्दल माझा वाद नाही. पण ज्या कृतीच्या नावाने आपण हे दुःख सांगतो, ती कृती आपल्यापैकी फार थोड्यांनी जवळून पाहिलेली असते. म्हणून आज तिचीच हकिगत सांगावी म्हणतो.

बहुतेकांची समजूत अशी, की इवल्या रोपाला उपाशी ठेवून, त्याची मुळे आवळून बोन्साय तयार होतो. प्रत्यक्षात लहान कुंडीत वाढवलेल्या रोपाचे खोड जाड होता होत नाही. कित्येक वर्षे ते काडीसारखेच राहते. खोड भरायचे तर पाने भरपूर हवीत आणि पाने भरपूर हवीत तर झाड मोकळ्या जमिनीत वाढायला हवे. म्हणून जपानमधले अनेक माळी पाइन, जुनिपर अशी सूचिपर्णी झाडे आधी शेतात लावतात आणि दहा-वीस वर्षे मोकाट वाढू देतात. खोड पोसण्यासाठी एखादी फांदी मुद्दाम लांबच लांब जाऊ देतात आणि काम झाले की कापून टाकतात. तिला ते ‘बळीची फांदी’ म्हणतात. झाड दोन पुरुष उंच होते. मग एके दिवशी करवत येते आणि झाडाचा बराचसा भाग जमिनीवर पडतो. उरते गुडघ्याएवढे खोड आणि चार-दोन फांद्या. खोडाच्या जाडीच्या साधारण सहापट उंची, असा एक ढोबळ हिशेब असतो. पाहणाऱ्याला वाटते, झाड संपले. माळ्याच्या लेखी काम आत्ता सुरू झालेले असते.

ही करवत कुठे चालवायची, यात सगळे शहाणपण आहे. आपला वड किंवा उंबर तोडला तर उघड्या खोडातूनही धुमारे फुटतात. वडाची तर नुसती फांदी रोवली तरी जगते. सूचिपर्णी झाडांचे बहुधा तसे नसते. कोकणच्या किनाऱ्यावरचा सुरू दिसतो त्यांच्यासारखा, पण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात तो फुलझाडांतला. अंगणातली मोरपंखी मात्र खरी त्या गोतातली. तिची फांदी हिरवा भाग संपेपर्यंत आत कापून पाहा, ती जागा पुन्हा भरत नाही. पाइनच्या किंवा जुनिपरच्या जुन्या खोडावर एकही हिरवी फांदी शिल्लक ठेवली नाही, तर झाडच मरते.

म्हणून पहिला नियम असा, की काय कापायचे याआधी काय ठेवायचे ते ठरवावे. खालची एक जिवंत, तरतरीत फांदी निवडायची. तीच उद्याचा शेंडा. तिच्या वर थोडे थोटूक राखून खोड कापायचे, त्या थोटकाच्या आधाराने फांदीला तार गुंडाळून हळूहळू वर वळवायचे. थोटकाची साल सोलून त्याला टोक काढले, की वीज पडून वठलेल्या शेंड्यासारखे दिसते. त्याला जपानी भाषेत ‘जिन’ म्हणतात आणि खोडावरच्या सोललेल्या पट्ट्याला ‘शारी’. हे मेलेले लाकूड कुजू नये म्हणून त्याला चुना आणि गंधकाचे द्रावण लावतात. त्याने ते हाडासारखे पांढरे पडते. दुसरा नियम, शेंडा आणि मुळे एकाच वेळी कापायची नाहीत. एक घाव भरून झाड पुन्हा जोमात आले, की मगच दुसरा. उंच झाड उथळ तबकात उतरेपर्यंत म्हणूनच वर्षे जातात.

‘बोन’ म्हणजे तबक किंवा उथळ पात्र, ‘साय’ म्हणजे लावणे. शब्द जपानी असला तरी विद्येचे माहेर चीन. तांग घराण्यातला राजपुत्र झांगहुआय याची कबर इ. स. ७०६ मधली. तिच्या भिंतीवरच्या चित्रात एक सेवक हातात तबक घेऊन उभा आहे आणि तबकात दगड व छोटी रोपे आहेत. जपानमध्ये १३०९ सालच्या ‘कासुगा गोंगेन गेन्की’ या चित्रगुंडाळीत तबकातली खुजी झाडे स्पष्ट दिसतात.

जपानच्या ‘नो’ रंगभूमीवर ‘हाची नो कि’, म्हणजे ‘कुंडीतली झाडे’, नावाचे एक जुने नाटक आहे. सानो गेन्झाएमोन हा सामुराई. जमीन नातलगांनी बळकावलेली, घरात दारिद्र्य. बर्फ पडत असताना रात्री एक भिक्षू दाराशी येतो. घरात सरपण नाही. सानोजवळ जुन्या वैभवातली तीन कुंडीतली झाडे उरली आहेत: एक प्लम, एक चेरी आणि एक पाइन. तो ती तोडून चुलीत घालतो आणि पाहुण्याला ऊब देतो. तो भिक्षू म्हणजे वेष पालटून हिंडणारा, तेराव्या शतकातला राज्यकर्ता होजो तोकियोरी असतो. पुढे तो सानोची जमीन तर परत देतोच, शिवाय त्या तीन झाडांची नावे ज्यांच्या नावांत आहेत अशी तीन गावे बक्षीस देतो. बक्षिसाचा भाग नाटकाला शोभेसाच आहे. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. झाड तोडणे ही त्या माणसाला किती जड गोष्ट होती, हे प्रेक्षकाला आधीच कळत होते. नाहीतर हे नाटक उभेच राहिले नसते. म्हणजे इतक्या जुन्या काळीही कुंडीतले झाड घरच्या माणसांत मोजले जात होते.

तिसरा शोगुन तोकुगावा इएमित्सु याची सत्ता १६२३ ते १६५१. त्याच्या नावाने ओळखला जाणारा पाच सुयांचा पाइन तोकियोच्या राजवाड्यातल्या संग्रहात आहे आणि त्याचे वय पाचशे वर्षांहून अधिक सांगतात. या झाडाला रोज पाणी घालणारे किती हात बदलले असतील, त्याचा हिशेब करून पाहा. शोगुनांची सत्ता गेली, सम्राट आले, युद्धे झाली, शहर दोनदा बेचिराख झाले. पण उन्हाळ्यातल्या एकाही आठवड्यात ते झाड कोरडे राहिलेले नाही. राहिले असते तर आज ते नसते.

या इतिहासाला एक काळी बाजू आहे, तीही सांगायला हवी. माणसाने करवत उचलण्याच्या आधीपासून डोंगरातला बर्फ, वारा आणि दरडी हेच काम करत होते. कड्याच्या फटीत रुजलेला जुनिपर शेकडो वर्षांत कंबरेएवढाही होत नाही, पण त्याचे खोड पिळदार, अर्धे मेलेले, अर्धे जिवंत असते. डोंगरातून उचलून आणलेल्या अशा झाडांना ‘यामादोरी’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी या झाडांना मोल आले, तसे शिकोकू बेटावरच्या इशिझुची डोंगरात आणि इतोइगावाच्या कड्यांवर लोक दोर बांधून उतरू लागले. जीव धोक्यात घालून त्यांनी झाडे काढली. त्यांतली काही आज संग्रहालयांची भूषणे आहेत. वाटेत मेलेल्यांची मोजदाद कुणी ठेवली नाही. काही दशकांत त्या कड्यांवरचे जुने जुनिपर जवळजवळ संपले. शेतात वाढवून कापलेल्या झाडाचे महत्त्व इथे कळते. ते कापले तरी डोंगर उघडा पडत नाही.

१ सप्टेंबर १९२३ रोजी कांतो भागात महाभूकंप झाला आणि तोकियोचा मोठा भाग जळाला. तिथल्या बोन्सायवाल्या माळ्यांनी मोकळी जागा, स्वच्छ पाणी आणि चांगली हवा शोधत शहराच्या उत्तरेला ओमिया गाठले आणि १९२५ पासून तिथे बोन्सायचे गाव वसले. गावात राहायचे तर नियम होते: घरी किमान दहा बोन्साय हवेत, घर दुमजली नको, कुंपण झुडपांचे हवे आणि बाग पाहायला येणाऱ्यासाठी दार उघडे हवे. एके काळी तिथे तीसेक बागा होत्या. आता मोजक्या उरल्या आहेत. २०१० साली तिथे बोन्सायचे संग्रहालय उघडले.

याच ओमियात मासाहिको किमुरा घडले. जन्म १९४०. पंधराव्या वर्षी ते मोतोसुके हामानो यांच्याकडे शागीर्द म्हणून राहिले आणि अकरा वर्षे राहिले. पुढे त्यांनी जे केले, त्याने जुन्या जाणत्यांच्या भुवया उंचावल्या. हातातली छोटी करवत आणि छिन्नी यांच्या जोडीला त्यांनी यंत्रे आणली. विजेवर चालणाऱ्या हत्यारांनी ते जाडजूड जुनिपर कोरत, खोडे चिरून वाकवत, मोठ्या ओबडधोबड झाडाचा नव्वद टक्के भाग काढून टाकायला कचरत नसत. कुणी म्हणाले ही जादू, कुणी म्हणाले ही तर कसाईगिरी. हा वाद अजून मिटलेला नाही. पण दोन्ही बाजूंच्या लोकांना एक गोष्ट मान्य आहे: यंत्र चालवायला काही महिने पुरतात, पाणी घालायला शिकण्यात वर्षे जातात. जपानी माळ्यांत तशी म्हणच आहे, ‘मिझुयारी सान्नेन’, पाणी घालायला तीन वर्षे. शागीर्दाला आधी झारी मिळते, कात्री नंतर.

आता एका झाडाची गोष्ट. हिरोशिमाच्या यामाकी घराण्यात पांढऱ्या पाइनचा एक बोन्साय होता, १६२५ पासून जोपासलेला. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी शहरावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा हे घर स्फोटाच्या ठिकाणापासून सुमारे तीन किलोमीटरवर होते. घराच्या काचा फुटल्या, माणसांना काचा लागल्या. झाडे बागेच्या उंच भिंतीच्या आड होती, ती वाचली. १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाली, तेव्हा जपानने त्या देशाला त्रेपन्न बोन्साय भेट दिले. त्यांत मासारू यामाकी यांनी हा पाइन दिला. ज्या देशाने बॉम्ब टाकला त्याच देशाला. देताना हिरोशिमाच्या त्या सकाळचा उल्लेख झाला नाही. २००१ साली यामाकींचे नातू आजोबांचे झाड पाहायला वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात गेले, तेव्हा तिथल्या लोकांना ती हकिगत कळली. पंचवीस वर्षे ते त्याला फक्त एक सुंदर झाड म्हणून पाणी घालत होते.

एवढे सगळे सांगितल्यावर मी एका शब्दाशी येऊन थांबतो. घरात उर्दू आणि लिहायला मराठी, अशा दोन पाण्यांवर वाढलेल्या माझ्यासारख्याला तो शब्द टाळता येत नाही. शब्द आहे ‘कलम’. अरबीतून फारसीत, तिथून उर्दूत आणि मराठीत आलेला. कलम म्हणजे लेखणी. आंब्याचे कलम म्हणजे एका झाडाचा तुकडा कापून दुसऱ्याला जोडून वाढवलेले नवे झाड. आणि उर्दूत ‘सर कलम करना’ म्हणजे शिरच्छेद. बोरूला टोक काढायला कापावेच लागते, म्हणून ही तिन्ही माणसे एकाच घरात नांदतात. पाते तेच असते. कोकणातल्या बागायतदाराचे कलम आणि जल्लादाचे कलम यांतला फरक पात्याकडे पाहून सांगता येत नाही. कापणारा दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे आहे, हे पाहावे लागते.

कवी म्हणून मीही कापतो. वीस ओळींतल्या सोळा जातात, उरलेल्या चार जगल्या तर कविता. पण माझ्या कापलेल्या ओळींना वेदना नसते, आणि माणसांना असते. म्हणून मुलाचे, मुलीचे, एखाद्या जमातीचे किंवा भाषेचे शेंडे ‘शिस्त’ म्हणून छाटणाऱ्यांनी माळ्याचा दाखला देऊ नये. झाड माळ्याला नकार देऊ शकत नाही. माणूस देऊ शकतो, आणि तो ऐकला गेला पाहिजे.

राहता राहिली आपली जुनी तक्रार. त्याचा बोन्साय केला, असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तसे काही झालेले नसते. बोन्सायच्या माळ्याने कापण्याआधी एक हिरवी फांदी राखलेली असते, घाव भरायला वर्ष दिलेले असते आणि नंतर उन्हाळ्यात रोज, कधी दिवसातून दोनदा, तो झारी घेऊन उभा असतो. तो मेल्यावर त्याचा मुलगा उभा राहतो, मुलगा नसेल तर शागीर्द. आपल्याकडे ज्यांचे शेंडे उतरवले गेले, त्यांच्या वाट्याला बहुधा नुसती करवत आली. तिला दुसरे नाव शोधावे लागेल.