कालव्यावरची सहल आणि कालव्यावरचा संसार



सुट्टी हा विषय कामगार चळवळीतल्या माणसाने बोलण्याचा नव्हे, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. सुट्टी ही मिळवावी लागते. मुंबईच्या गिरण्यांत रविवारची साप्ताहिक सुट्टी १८९० सालच्या जून महिन्यात सुरू झाली. तिच्यामागे नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांच्या बॉम्बे मिलहँड्स असोसिएशनची १८८४ पासूनची खटपट होती. ब्रिटनमध्ये पगारी रजेचा कायदा १९३८ साली झाला; आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने कामगाराला वार्षिक भरपगारी रजा दिली. म्हणून कोणी सुट्टीची मौज सांगू लागला की आमच्या मनात दोन प्रश्न येतात. ही सुट्टी कोणाच्या लढ्याने मिळाली, हा पहिला. आणि जेथे ही मौज चालली आहे, तेथे पूर्वी कोण राबत होते, हा दुसरा. आज या दुसऱ्या प्रश्नाविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत, आणि त्यासाठी आपणांस इंग्लंडच्या कालव्यांवर न्यावयाचे आहे.

आमची एक भाची लग्नानंतर बर्मिंगहॅम शहरी राहते. नवराबायको, दोन मुले आणि सासूबाई अशी पाच माणसे एक बोट भाड्याने घेऊन सात दिवस कालव्यावर हिंडून आली. परतल्यावर तिने आम्हांला तक्रारींची यादीच कळवली. "मामा, तुम्ही जन्मभर दुसऱ्यांच्या मागण्या लिहून घेतल्यात, आता घरच्याही घ्या," असे वर लिहिले होते. जागा अरुंद, वेग बैलगाडीचा, दर मैलाला दारे उघडा आणि लावा, पाण्याची टाकी भरा, शौचाची पेटी रिकामी करा, मुले कंटाळलेली आणि सासूबाईंना मूल पाण्यात पडेल ही धास्ती. लिहिले होते थट्टेने. पण कलमवार मागण्या वाचण्याची आमची सवय जुनी. वाचता वाचता ध्यानी आले की यातल्या प्रत्येक कलमाखाली दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

पहिले कलम जागेचे. बोटीची रुंदी जेमतेम सात फूट. एकाला पलीकडे जावयाचे तर दुसऱ्याने अंग चोरावे. ही रुंदी आली कोठून? इंग्लंडच्या कालवायुगाची सुरुवात १७६१ साली झाली असे मानतात. त्या वर्षी ब्रिजवॉटरच्या ड्यूकने आपल्या वर्स्ले येथील खाणींतला कोळसा मँचेस्टरला कालव्याने नेला, आणि शहरातील कोळशाचा भाव निम्म्यावर आला. या कामातील प्रमुख स्थापत्यकार जेम्स ब्रिंडली हा मूळचा गिरणी दुरुस्त करणारा कारागीर. लिहिणे-वाचणे बेताचे, मोठमोठे हिशेब तो डोक्यात करी. शाळा फारशी न पाहिलेल्या आमच्यासारख्याला या माणसाविषयी आपुलकी वाटली तर नवल नाही. पुढे याच ब्रिंडलीने ट्रेंट आणि मर्सी या नद्या जोडणारा कालवा आखला. पाणी आणि खर्च वाचावा म्हणून त्याने लॉक सुमारे बहात्तर फूट लांब आणि सात फूट रुंद ठेवले. मग बोटही त्याच मापाची झाली. आज सुट्टीत आपले कोपर ज्या भिंतीला लागते, ती भिंत अठराव्या शतकात ठरली आहे.

दुसरे कलम वेगाचे. कालव्यावर ताशी चार मैलांहून अधिक वेगाने जाण्यास मनाई आहे, काठ ढासळतात. म्हणजे माणूस चालेल तितकाच वेग. पण व्यापाऱ्याला वेगापेक्षा वजन हवे होते. खराब रस्त्यावर एक घोडा गाडीतून एखाद-दोन टन ओढी. तोच घोडा काठावरून दोराने पंचवीस टनांची बोट ओढीत असे. इंग्लंडच्या कारखानदारीचा कोळसा, लोखंड आणि चिनीमाती या चालीने वाहिली गेली.

तिसरे कलम लॉकचे. कालव्याचे पाणी सपाट असावे लागते. मध्ये चढ आला की पाण्याच्या पायऱ्या कराव्या लागतात. दोन्ही टोकांना दारे असलेला दगडी हौद म्हणजे लॉक. बोट आत घ्यावी, मागचे दार लावावे, किल्लीने झडपा उघडून हौद भरावा अथवा रिकामा करावा, आणि पाणी समपातळीला आले की पुढचे दार ढकलावे. एका वेळेस लाखाहून अधिक लिटर पाणी वरून खाली जाते. बर्मिंगहॅमहून वूस्टरकडे जाणाऱ्या कालव्यावर टार्डबिग येथे असे तीस लॉक एकापाठोपाठ आहेत. आमच्या भाचीच्या घरचा अर्धा दिवस तेथेच गेला, आणि पाऊस होता. दारांचे लाकूड ढकलून जावयांची पाठ दुखली. पूर्वी ही दारे कोण ढकलीत असे? बहुधा बोटवाल्याची बायको, आणि तिच्यासोबत आठ-दहा वर्षांची पोरे. पावसातही आणि हिवाळ्यातही. तिला त्याचे वेगळे वेतन नव्हते.

येथे आमच्या विषयाचा गाभा आहे. आरंभी बोटवाल्यांचे घर बहुतेक काठावर असे. तो गडी घेऊन बोटीवर जाई आणि घरी परते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याकडे रेल्वे पसरली. तिच्याशी टिकण्यासाठी कालव्यावरचे वाहतुकीचे दर उतरले, आणि त्यांच्यामागून बोटवाल्याची मिळकत. गड्याची मजुरी आणि काठावरच्या घराचे भाडे, दोन्ही परवडेनात. तेव्हा त्याने गडी सोडला, घर सोडले आणि बायकामुलांना बोटीवर आणले. वेतन मिळे खेपेवर, वाहिलेल्या टनांवर. माल भरण्यासाठी थांबावे लागले, कालवा गोठला, तर मिळकतही थांबली. मालकाच्या वहीत नाव एकाचे; काम मात्र तीन-चार माणसांचे. लोकांना त्यात कुटुंबवत्सलता दिसली. आम्हांला त्यात दरकपात दिसते.

आता जागेचे कलम पुन्हा पाहावे. सहलीची सगळी बोट राहण्यासाठी असते. मालाच्या बोटीची जवळजवळ सगळी लांबी मालाला जाई. कुटुंबाला मिळे ती मागच्या टोकाची खोली, फार तर दहा फुटांची. तीत चूल, घडीचे टेबल, आणि रात्री आडवी पाडण्याची फळी. तोच नवराबायकोचा पलंग. पिण्याचे पाणी छपरावरच्या रंगवलेल्या डब्यात. त्या डब्यांवरची गुलाबाची फुले आणि किल्ल्यांची चित्रे आज दुकानांत शोभेच्या वस्तू म्हणून विकतात. ज्या बाईने ते डबे घासले, तिला घर नीटनेटके ठेवण्यास तेवढीच जागा होती, हे विकत घेणाऱ्यास कोण सांगणार?

मुलांचे कलम सर्वांत जड आहे. भाचीची मुले कंटाळली, कारण फोनला संकेत मिळेना. बोटवाल्यांच्या तान्ह्या मुलांना पाण्यात पडू नये म्हणून छपरावर धुराड्याला बांधून ठेवीत. मोठी झाली की घोड्यामागे चालत. शाळा? बोट आज एका गावी, उद्या दुसऱ्या. कित्येक पिढ्या निरक्षर राहिल्या, आणि गावचे लोक त्यांना घाणेरडे, चोरटे म्हणत. या मुलांसाठी ज्याने आवाज उठविला, तो जॉर्ज स्मिथ स्वतः लहानपणापासून वीटभट्टीवर माती वाहिलेला माणूस होता. आधी त्याने वीटभट्टीवरच्या मुलांसाठी लढा दिला, आणि १८७५ साली कालव्यावरच्या लोकांविषयी पुस्तक लिहिले. १८७७ साली कायदा झाला. १८८४ साली त्यात तपासणीची भर पडली. बोटीची नोंदणी ठरली, आणि राहणाऱ्यांच्या संख्येला मर्यादा आली: मोठ्या माणसाला साठ घनफूट, बारा वर्षांखालील मुलाला चाळीस. साठ घनफूट म्हणजे सहा फूट लांब, पाच फूट रुंद आणि दोन फूट उंच एवढी पेटी. कायद्याने दिलेली ही सुधारणा होती! त्याआधी काय असेल, ते आपणच समजावे.

हे लोक मुकाट्याने सोसत राहिले काय? नाही. १९२३ साली फेलोज, मॉर्टन अँड क्लेटन या मोठ्या कंपनीने मजुरी कापावयाचे ठरविले, तेव्हा ब्रॉन्स्टन येथे बोटवाल्यांनी बोटी बांधून ठेवल्या. ट्रान्सपोर्ट अँड जनरल वर्कर्स युनियन ही संघटना तेव्हा अवघी एक वर्षाची होती. ती त्यांच्या पाठीशी उभी राहिली. संप ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत चालला. संघटनेचे काम केलेल्यांस याचे मोल निराळे सांगावयास नको. गिरणीतला संपकरी संध्याकाळी आपल्या खोलीवर जातो. येथे बोट कंपनीची आणि खोलीही त्याच बोटीची. नोकरी गेली तर छप्परही गेले. स्वतःची बोट असलेले थोडे लोक होते, त्यांना 'नंबर वन' म्हणत. बाकीच्यांचे घर मालकाच्या हाती होते. एवढे असून कधी एका गावी न राहिलेली ही कुटुंबे एका धक्क्यावर एकत्र आली आणि टिकली.

आणखी एक दाखला. दुसऱ्या महायुद्धात माणसे अपुरी पडली, तेव्हा १९४२ च्या सुमारापासून शहरातल्या तरुणींना बोटी चालविण्याचे शिक्षण देण्यात आले. पुढे इंजिनाची आणि मागे ओढली जाणारी अशा दोन बोटींची जोडी, त्यांवर पन्नास टन माल, आणि तीन तरुणी. त्यांना पगार होता, आणि तो असावयासच हवा होता. परंतु तेच काम, तेच लॉक, तोच पाऊस बोटवाल्याच्या बायकोने पिढ्यानपिढ्या केला, तेव्हा त्याला काम म्हणावयास कोणी तयार नव्हते. काम तेच; फरक इतकाच की परक्या बाईला मजुरी देणे भाग पडते.

१९४८ साली बहुतेक कालवे सरकारच्या मालकीचे झाले. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठले आणि उरलासुरला व्यापार मोडला. पश्चिम लंडनमधील साउथॉल, जे आज पंजाबी बांधवांच्या वस्तीमुळे आपल्याला ठाऊक आहे, तेथील मुरंब्याच्या कारखान्याला बोटीने कोळसा जाई. लांब पल्ल्याची ती अखेरची नियमित खेप १९७० साली बंद पडली. दरम्यान टॉम रोल्ट या लेखकाने आपल्या बोटीच्या प्रवासाचे पुस्तक १९४४ साली प्रसिद्ध केले. त्यातून लोक जागे झाले आणि १९४६ साली कालवे वाचविण्यासाठी संस्था उभी राहिली. स्वयंसेवकांनी गाळ काढला, दारे दुरुस्त केली. १९६८ च्या कायद्याने अनेक कालवे सहलीच्या वाहतुकीसाठी राखले गेले. २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे दोन हजार मैलांचे जलमार्ग एका धर्मादाय न्यासाकडे आहेत. हे काम थोर आहे, त्याला आम्ही नावे ठेवीत नाही. सामान्य नोकरदाराचे कुटुंब सात दिवस पाण्यावर राहू शकते, ही सुधारणाच होय. मात्र पाणी वाचले, दगड वाचले, डब्यांवरचे गुलाब वाचले. ज्यांचा संसार त्यावर चालला होता ती माणसे काठावरच्या वस्त्यांत पांगली.

भाचीच्या तक्रारी खोट्या होत्या असे आम्ही म्हणणार नाही. पाठ दुखली ती खरीच. तथापि सातव्या दिवशी बोट परत देता येते, म्हणून त्या तक्रारी किरकोळ राहिल्या. तीच अडचण आठव्या दिवशी, आठव्या वर्षी, आणि नातवंडांच्या वाट्यालाही येते, तेव्हा तिला तक्रार न म्हणता जिणे म्हणतात.

हे सारे दूर इंग्लंडात झाले म्हणून आपण निश्चिंत होऊ नये. दिवाळीच्या आगेमागे मराठवाड्यातून ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसे ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती 'कोयत्या'ची. आणि एक कोयता म्हणजे एक माणूस नव्हे, नवरा आणि बायको मिळून एक. मजुरी टनावर. मुले फडाच्या कडेला, पाचटाच्या कोपीत. शाळा मागे गावी राहिलेली. बोटवाल्याची ती दहा फुटांची खोली आणि ही कोपी यांत आम्हांला फारसे अंतर दिसत नाही. हिशेबाची रीतही तीच: नाव एकाचे, घाम घरादाराचा.

जॉर्ज स्मिथच्या मागण्यांत बोटींची नोंदणी ही एक होती.  आपल्याकडेही कोयत्याच्या हिशेबात बाईचे नाव स्वतंत्र लिहिले जावे आणि तिची मजुरी तिच्या हाती पडावी, ही मागणी मोठी नाही. पण मजुरीचा प्रश्न तेथूनच सुरू होतो, असा आमचा अनुभव आहे.